कार कंपनीची पर्यावरण प्रश्नावली आली, आता काय करायचं? पिथमपूरच्या लहान कारखान्यांसाठी

हा ईमेल नेमका मार्चअखेरीला येतो, अकाउंटवाल्यांना डबा खायला फुरसत नसते तेव्हा. सोबत एक्सेलची फाईल. स्कोप १ किती, स्कोप २ किती (म्हणजे काय ते पुढे सांगते), नेट झीरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन शून्यावर आणायचं, वर्ष कोणतं, धोकादायक कचरा कोणाला देता, पाणी किती लागतं. मुदत पंधरा दिवस. मालक ती फाईल क्वालिटीकडे ढकलतात, क्वालिटीवाले एचआरकडे, आणि फिरत फिरत ती ज्याला एक्सेल बरं जमतं त्याच्या गळ्यात पडते. आमच्या कारखान्यात ती माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा अकाउंट्स बघत होते. इंदूरच्या राजेंद्रनगरहून रोज राऊमार्गे पिथमपूरच्या औद्योगिक भागात, आणि दिवसभर जीएसटी. पर्यावरणाशी माझा संबंध ओला-सुका कचरा वेगळा करण्यापुरता. इंदूरमध्ये राहून तेवढं तरी येतंच.

आता चार-पाच प्रश्नावल्या भरून झाल्यात, दोन ऑडिट झालेत. टर्निंग-मिलिंग करणारा, डाय कास्टिंग करणारा किंवा पाउडर कोटिंगचा छोटा कारखाना असेल, तर काय कोणत्या क्रमाने करावं हे खाली लिहिते. सल्लागार नेमायच्या आधी हे वाचा. नंतर नेमलात तरी निदान त्याला काय विचारायचं ते कळेल.

आधी हे का विचारतात ते समजून घ्या

पेट्रोलच्या गाडीच्या आयुष्यातला बहुतेक धूर ती रस्त्यावर चालताना निघतो. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं लक्ष सायलेन्सरवर होतं. गाडी विजेवर आली की सायलेन्सर जातो आणि मग उरतं ते पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, बॅटरी आणि हे सगळं घडवायला लागलेली वीज. म्हणजे आपला माल. टोयोटाने ऑक्टोबर २०१५ मध्ये २०५० पर्यंतचं पर्यावरण उद्दिष्ट जाहीर केलं, त्यात कारखान्यांबरोबर गाडीच्या पूर्ण आयुष्यातला कार्बन शून्यावर आणायचं म्हटलं होतं. टाटा मोटर्सने प्रवासी गाड्यांसाठी २०४० आणि व्यावसायिक गाड्यांसाठी २०४५ हे नेट झीरोचं वर्ष धरलंय. कंपनी स्वतःच्या छतावर सोलर लावून झाली की पुढे हात घालायला पुरवठादाराचंच छत उरतं.

दुसरं कारण सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावाच लागतो. २०२३ मध्ये त्यात पुरवठा साखळीही आली. आता ज्याचा खरेदीत २ टक्के किंवा जास्त वाटा आहे अशा पुरवठादाराची माहिती मागण्याची तरतूद आहे, पण ती ऐच्छिक. कायद्याने तुमच्यावर थेट सक्ती नाही. सक्ती आहे ती खरेदी खात्याची, आणि ती कायद्यापेक्षा कडक असते हे मी वेगळं सांगायला नको.

तुमचा माल युरोपला जात असेल तर तिसरं कारणही आहे. तिथल्या सीबॅम, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन शुल्काच्या, नियमांत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम येतं, आणि नट, बोल्ट, स्क्रूसुद्धा येतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून त्यात पैसे आले. फास्टनरवाल्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये.

हद्द आखा आणि वर्ष ठरवा

एका कागदावर कारखान्याचा नकाशा काढा. फाटकातून काय आत येतं, काय बाहेर जातं. शेजारच्या प्लॉटवर तुमचंच गोदाम असेल तर ते आत धरायचं की बाहेर, हे आत्ताच ठरवून लिहून ठेवा आणि दरवर्षी तसंच ठेवा. पायाभूत वर्ष एप्रिल ते मार्च घ्या, कारण सगळे हिशेब त्याच पद्धतीने असतात. ज्या वर्षी दोन महिने काम बंद होतं ते वर्ष घेऊ नका. पुढच्या वर्षी आकडा उगाच वाढलेला दिसेल आणि खुलासे देत बसावं लागेल.

स्कोपची भानगड घरगुती भाषेत अशी: आपल्या आवारात आपण जे जाळतो ते स्कोप १, म्हणजे डीजीचं (जनरेटरचं) डिझेल, ओव्हनचा एलपीजी, एसीतून उडालेला गॅस. विकत घेतलेली वीज स्कोप २. आणि दुसऱ्याने आपल्यासाठी केलेलं सगळं स्कोप ३: कच्चा माल, जॉबवर्क, ट्रक, कामगारांची बस. पहिल्या वर्षी पहिले दोन नीट भरा. स्कोप ३ मध्ये "मोजणी सुरू नाही, अमुक वर्षापासून करू" असं सरळ लिहा. ते चालतं. अंदाजपंचे आकडा टाकलेला चालत नाही.

बारा बिलं घेऊन बसा

एप्रिल ते मार्चची विजेची बारा बिलं, डिझेलच्या पावत्या, एलपीजीच्या सिलिंडरची चलनं. एवढ्यावर स्कोप १ आणि २ चा बहुतेक हिशेब होतो.

गुणक असे. ग्रिडच्या विजेला एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड. हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं आणि तो थोडा खालीवर होतो, म्हणून कोणत्या वर्षाचा वापरला ते लिहा. डिझेलला लिटरमागे २.६८ किलो. एलपीजीला किलोमागे साधारण ३ किलो.

समजा वर्षाला ७,२०,००० युनिट वीज, ६,००० लिटर डिझेल आणि ४,००० किलो एलपीजी लागला. विजेचे ५१८ टन, डिझेलचे १६, एलपीजीचे १२. एकूण ५४६ टन. वर्षभरात १,२०० टन तयार माल पाठवला असेल तर किलोमागे ०.४६ किलो. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण ऑर्डर वाढल्या की एकूण टन वाढणारच. किलोमागचा आकडा खाली येतोय का, तेवढंच तुमच्या हातात असतं. त्याच हिशेबात हेही दिसलं असेल की शंभरातले पंचाण्णव टन विजेचे आहेत. तरी पहिल्या मीटिंगमध्ये अर्धा तास डीजीच्या धुरावर चर्चा होते, कारण तो डोळ्यांना दिसतो.

एसीच्या गॅसची नोंद कोणी ठेवत नाही. जुन्या एसीतला आर-२२ एक किलो उडाला तर तो जवळपास १.८ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एसीवाल्याच्या बिलावर किती किलो गॅस भरला ते लिहून घ्या, "गॅस चार्जिंग" एवढ्यावर भागत नाही.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी बिलं लगेच सापडेनात म्हणून मी मशिन शॉपच्या पॅनेलवरच्या सबमीटरचं रीडिंग घेतलं. तो मीटर २००/५ च्या सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मरवर) लावलेला, म्हणजे रीडिंगला ४० ने गुणायचं असतं. मला कुठे माहीत! मी आकडा जसाच्या तसा भरला आणि आमचा कारखाना अख्ख्या साखळीत सर्वांत हरित ठरला. आठवड्याभरात ग्राहकाकडून फोन: "मॅडम, तुमच्याकडे लेथ चांदण्यावर चालतात का?" तेव्हापासून माझा नियम: सबमीटर आपल्या आतल्या हिशेबासाठी, बिल प्रश्नावलीसाठी. सबमीटरचं रीडिंग वापरायचंच असेल तर गुणक मीटरवरच मार्करने लिहून ठेवा.

हवेची गळती: सुरुवात इथून करा

सोलर, ईव्ही टेम्पो, झाडं हे सगळं नंतर. पहिले पैसे मशिनांना दाबाची हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरमध्ये सापडतात, तेही जवळपास फुकट.

रविवारी, सगळी मशीन बंद असताना, फक्त कंप्रेसर चालू करा. लाईनचे सगळे मुख्य व्हॉल्व्ह उघडे ठेवा, पण हवा वापरायची नाही. दाब भरला की कंप्रेसर अनलोड होईल, म्हणजे हवा भरणं थांबवेल, गळतीने दाब उतरला की पुन्हा लोड होईल. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन्ही वेळा मोजा, निदान पाच फेऱ्या. लोडची वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर. आमच्याकडे लोड ९० सेकंद, अनलोड २१० सेकंद आलं. म्हणजे ३० टक्के. कंप्रेसर ३७ किलोवॉटचा. कोणी काही काम करत नसताना ११ किलोवॉट नुसते हवेत. तिन्ही शिफ्ट, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७९,००० युनिट. युनिटला ८ रुपये धरा, सव्वासहा लाखांच्या वर जातं. काका, म्हणजे आमचे मालक, त्या रविवारी पोहे खाऊन सहज बघायला आले होते. त्यांनी तो आकडा माझ्याकडून दोनदा करून घेतला.

गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. सगळं बंद असलं की कान पुरतो, बारीक गळतीला साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश. सापडेल तिथे लाल चिंधी बांधायची, नंबर टाकायचा. पहिल्या दिवशी आमच्या शेडमध्ये एकेचाळीस चिंध्या लागल्या. बहुतेक सगळ्या क्विक कपलरवर, होजच्या क्लॅम्पवर आणि हवा गाळणाऱ्या एफआरएलच्या वाटीखाली. कोपऱ्यातल्या ड्रिलिंग मशीनपाशी एक सणसणीत शिट्टी वाजत होती. आमचा फिटर म्हणाला, "मॅडम, ये तो बरसों से गा रिया हे." तीन मिलिमीटरच्या भोकातून ७ बारला साधारण ३ किलोवॉट जातात. म्हणजे ते गाणं दिवसाला ७२ युनिटचं होतं.

गळती आटोक्यात आली की दाब उतरवून बघा. ७ बारचा ६ केला की कंप्रेसरची वीज ६-७ टक्क्यांनी कमी होते. एकदम उतरवू नका, एखाद्या फिक्श्चरचा क्लॅम्प ढिला पडला तर पार्ट उडेल. आठवड्याला पाव बार उतरवा, प्रत्येक वेळी क्लॅम्पिंग तपासा. आणि मुलं घरी जाताना एअर गनने अंगावरचे कपडे झटकतात ते आधी बंद करा. विजेचा प्रश्न बाजूला ठेवा, त्या हवेने डोळा जातो.

दर तिमाहीला हीच चाचणी पुन्हा करा, कारण गळती परत येते. आमची ३० वरून ११ वर आली आणि सहा महिन्यांत, कोणी बघितलं नाही तेव्हा, १७ वर गेली.

मागच्या शेडमधले ड्रम

प्रश्नावलीतलं सगळ्यांत नाजूक पान हे. पिथमपूरमध्ये तर जास्तच. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये इथे आणला गेला तेव्हा गावात किती उद्रेक झाला ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून कचऱ्याच्या ड्रमकडे इथला माणूस वेगळ्याच नजरेने बघतो, आणि ते चूकही नाही.

२०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत आपल्यासारख्यांचा बराचसा माल येतो. वापरलेलं ऑइल ५.१, तेलाने माखलेलं फडकं आणि बुरादा ५.२, फॉस्फेटिंगचा गाळ १२.५, रसायनांचे रिकामे ड्रम ३३.१, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) गाळ ३५.३. हे क्रमांक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीपत्रात असले पाहिजेत आणि प्रत्यक्ष निघणारा कचरा त्याच्याशी जुळला पाहिजे. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. परवानगीत लिहिलंय वर्षाला २ टन ऑइल, आणि नोंदवहीत दिसतं २०० लिटर. मग उरलेलं गेलं कुठे? भंगारवाल्याकडे. तो रोख देतो, ड्रमही घेऊन जातो, सगळे खूश. पण कार कंपनीचा माणूस खरेदीची बिलं बघतो. वर्षाला १,५०० लिटर हायड्रॉलिक ऑइल घेतलं आणि जुनं २०० लिटर निघालं, तर मधलं १,३०० लिटर आपण प्यायलो का?

कामं ही: फरशीला उतार आणि कडेला बंधारा असलेली, छत असलेली, कुलपाची खोली. प्रत्येक ड्रमवर फॉर्म ८ चं लेबल, त्यावर भरायला सुरुवात केल्याची तारीख. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, पाठवताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, आणि ३० जूनच्या आत फॉर्म ४ चं वार्षिक विवरण. मॅनिफेस्टची प्रत घेणाऱ्याच्या सहीशिक्क्याने परत आली का, हे बघायला एक माणूस नेमा. ती परत आल्याशिवाय माल पोहोचला असं धरू नका. ज्याला देताय त्याच्या परवानगीची मुदतही तपासा, ती संपली असेल तर ऑडिटमध्ये दोष तुमच्या नावावर लागतो.

कूलंटबद्दल एक युक्ती. महिन्याला टाकी रिकामी करून नवं भरण्याऐवजी तरंगणारं तेल काढणारा बेल्ट स्किमर लावा आणि रिफ्रॅक्टोमीटरने रोज तीव्रता मोजा. कूलंट तिप्पट टिकतं, वास मारत नाही, आणि कामगारांच्या हातांना खाज येत नाही. शेवटचं कारण प्रश्नावलीत कुठे विचारत नाहीत. आमच्याकडे मात्र स्किमर त्याच कारणासाठी बसला.

भंगार वेगळं ठेवा

पर्यावरण संरक्षण (आयुष्य संपलेली वाहने) नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. जुन्या गाडीच्या विल्हेवाटीची जबाबदारी आता वाहन बनवणाऱ्यावर आहे. त्यामुळे "तुमच्या पार्टमध्ये पुनर्वापरित धातू किती टक्के" हा प्रश्न वाढत जाणार. अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनी तर तोंडपाठ ठेवावं: भंगारापासून अ‍ॅल्युमिनियम करायला नव्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते. पण एडीसी-१२ या अ‍ॅल्युमिनियमचा बुरादा, लोखंडी चिप्स आणि पितळ एकाच ढिगात पडलं की त्याची किंमत मातीची. तीन रंगांचे तीन बिन, एवढंच. आमच्या भंगाराला त्यानंतर किलोमागे जो भाव वाढून मिळाला त्यातून बिनचे पैसे दोन महिन्यांत निघाले. ही टक्केवारी मात्र इन्गॉटवाल्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

सोलर आणि पाणी

सोलरवर सगळेच बोलतात म्हणून थोडक्यात. एक किलोवॉटला सावलीविरहित साधारण १०० चौरस फूट, आणि आपल्याकडे दिवसाला ४ युनिट धरायला हरकत नाही. १०० किलोवॉट म्हणजे वर्षाला दीड लाख युनिटच्या जरा आत. आधी शेडच्या स्ट्रक्चरचा भार इंजिनिअरकडून तपासून घ्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर कोणी पॅनेल लावून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि गळती बंद केल्यानंतरच किती किलोवॉट हवं ते ठरवा, नाहीतर भोकातून जाणाऱ्या हवेसाठी पॅनेल विकत घ्याल.

पाणी स्वस्त वाटतं, पण इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून साधारण ७० किलोमीटर उपसून येतं. त्या उपशाच्या विजेसाठी सोलर प्रकल्प उभारायला महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले होते. कारखान्यात बोअर आणि टँकर, दोन्हींना मीटर लावा आणि महिन्याला फोटो काढा. पहिल्या वर्षी एवढं पुरे.

फाईल भरताना

प्रत्येक उत्तरामागे एक कागद असला पाहिजे. मी एक्सेलच्या प्रत्येक ओळीला नंबर देते आणि त्याच नंबराचं फोल्डर ठेवते. ओळ १४ चं उत्तर फोल्डर १४ मध्ये. बिल, फोटो, पावती, काय असेल ते. ऑडिटर आला की शोधाशोध नाही.

जे केलं नाही ते "केलं" म्हणू नका. फोक्सवॅगनची डिझेलची लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाली, जगभरातल्या साधारण १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते सॉफ्टवेअर होतं. तेव्हापासून या धंद्यात कागदावरच्या आकड्याकडे संशयानेच बघतात. आपल्याकडची लबाडी छोटी असते. पर्यावरण दिनाला लावलेल्या पन्नास रोपांचा फोटो, जो तीन वर्षं तोच फिरतो. एका कारखान्यात ऑडिटरने ती रोपं दाखवा म्हटलं, तर तिथे आता पार्किंगचं शेड होतं.

आयएसओ १४००१, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, विचारतात. ते प्रमाणपत्र सांगतं की तुमच्याकडे पद्धत आहे, तुमचा धूर कमी आहे असं नव्हे. "पाच दिवसांत सर्टिफिकेट" म्हणणारे एजंट इंदूरच्या सांवेर रोडपासून पिथमपूरपर्यंत भरपूर फिरतात. त्यांच्यावर घालवायचे पैसे कंप्रेसरच्या होजवर घाला. उद्दिष्ट लिहायचं असेल तर जेवढं हातात आहे तेवढंच लिहा: "किलोमागे वीज दोन वर्षांत ८ टक्के कमी, गळती १५ टक्क्यांच्या आत." २०४० चं नेट झीरो काकांच्या नातवाच्या काळात येईल, ते त्याला लिहू दे.

ऑडिटच्या दिवशी

ऑडिटर येतो, चहा घेतो, कॉन्फरन्स रूममधलं प्रेझेंटेशन पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो, "चला, मागची बाजू बघू." आमचं पहिलं ऑडिट नेमकं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी होतं. फोल्डर चोख, लेबलं चोख, फरशी धुतलेली. धोकादायक कचऱ्याच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. तो रात्रभर मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले कापड गिरण्यांचे देखावे, बघत इंदूरच्या जेल रोडवर उभा होता आणि सकाळी घरी गाढ झोपलेला, फोन बंद. पाऊण तास आम्ही त्या दारासमोर उभे. ऑडिटरने वहीत लिहिलं: आग लागली तर ही खोली उघडणार कोण?

दोन किल्ल्या करा. एक स्टोअरमध्ये, दुसरी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, काचेच्या पेटीत, टॅग लावून.